एनटीसी पुन्हा पुन्हा वर येतोय? रिॲजंट फेकण्याआधी डीएनए कुठून आला ते शोधा

क्यूपीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती सायकलीगणिक वाढवत मोजायची पद्धत, वापरणाऱ्यांची तक्रार नेहमी सारखीच असते. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या मात्रांच्या डीएनएवरून काढलेली मापाची रेघ) देखणा, उतार −३.३ च्या आसपास, तिन्ही रिप्लिकेट एकमेकांवर बसलेले. आणि प्लेटमधल्या ज्या वेलमध्ये (खळग्यात) डीएनए घातलाच नाही, नुसतं पाणी घातलं, तिथंही चौतिसाव्या-पस्तिसाव्या सायकलला रेघ वर चढते. म्हणजे एनटीसी, नो टेम्पलेट कंट्रोल, पॉझिटिव्ह. मग पाणी बदललं जातं, प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) नवे मागवले जातात, अर्धं भरलेलं मास्टरमिक्स (एन्झाइम वगैरेंचं तयार मिश्रण) कचऱ्यात जातं. थोडे दिवस सगळं स्वच्छ. आणि मग पुन्हा कुणीतरी लॅपटॉप घेऊन दारात उभं, "मॅडम, एनटीसी परत आला."

तो परत येतो, कारण मूळ जागच्या जागी आहे. आपण फेकलं ते त्या मुळानं बिघडवलेलं सामान. सगळं एकदम बदलण्यात आणखी एक तोटा आहे: बरं वाटलं तरी कशामुळे वाटलं ते कधीच कळत नाही. एनटीसीमधला डीएनए कोणत्या जातीचा आहे हे योग्य प्रायमर लावून त्यालाच विचारता येतं, आणि उत्तर बहुतेक वेळा एका-दोन प्लेटमध्ये मिळतं.

उदाहरणं कापसाची देते, कारण आमच्या टेबलावर तोच असतो. बडोद्याच्या आसपास करजण-डभोईकडे कापूस आहे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला बियाणं, पानं तिकडूनच येतात. बीटी कापसाला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं 'रेफ्युजिया' म्हणून, म्हणजे किडीत बीटीला प्रतिकार तयार होऊ नये यासाठी, यायचं. नंतर ते त्याच पिशवीत मिसळून द्यायची पद्धत आली. तर विद्यार्थ्याचा प्रश्न असतो: हे बियाणं बीटी आहे का, आणि मिसळलेलं असेल तर किती? त्यासाठी दोन गोष्टी मोजतो. एक, ३५एस प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा), जो कॉलिफ्लॉवर मोझेक विषाणूकडून उसना घेतलेला आहे आणि बीटी कापसात असतो. दुसरं, सॅड१ हे कापसाचं स्वतःचं जनुक, जे प्रत्येक कापसात असतं. दोहोंच्या गुणोत्तरावरून टक्का निघतो. आता रेफ्युजियाच्या नमुन्यात ३५एस चौतिसाव्या सायकलला आला आणि पाण्यातही चौतिसाव्यालाच आला, तर त्या बियाण्याबद्दल बोलायला आपल्याकडे काहीच उरत नाही.

आधी, ती रेघ खरी आहे ना?

सॉफ्टवेअरनं सीटीचा (कितव्या सायकलला रेघ वर आली त्याचा) आकडा दिला म्हणजे काही वाढलंच असं नाही. कच्चा आलेख उघडा. खरी वाढ इंग्रजी 'एस'सारखी वळते. तिरकी, सावकाश चढणारी रेघ बहुतेक वेळा बेसलाइन चुकीची धरल्यामुळे किंवा फिल्म नीट न चिकटल्यामुळे येते. कडेच्या वेलमधून पाणी उडालं की रॉक्सचा, म्हणजे तुलनेसाठी घातलेल्या स्थिर रंगाचा, सिग्नल हलतो, आणि भागाकार करून काढलेली रेघ उगाच वर जाते. फॅम (मोजणीचा रंग) आणि रॉक्स वेगवेगळे पाहिले की हे लगेच दिसतं. अशा वेळी गरज फिल्म दाबायच्या पट्टीची असते, ब्लीचची नाही.

मग, तो डायमर तर नाही?

सायबर ग्रीन (कुठल्याही दुहेरी डीएनएला चिकटून चमकणारा रंग) वापरत असाल तर मेल्ट कर्व्ह, म्हणजे डीएनए कुठल्या तापमानाला वितळतो त्याचा आलेख, बघा. प्रायमर-डायमर, म्हणजे एकमेकांनाच चिकटून वाढलेल्या प्रायमरचा तुकडा, लहान असतो, म्हणून खऱ्या प्रॉडक्टपेक्षा कमी तापमानाला वितळतो. एनटीसीचं शिखर डावीकडे वेगळं उभं असेल तर हे प्रदूषण नव्हे. प्रायमरची मात्रा ५०० नॅनोमोलरवरून २००-३०० वर आणा, अॅनीलिंग (प्रायमर चिकटायचं तापमान) एक-दोन अंश वाढवा, हॉट-स्टार्ट एन्झाइम (तापल्यावरच जागं होणारं) वापरा. तरीही हटत नसेल तर प्रायमरची ३ प्राइम टोकं एकमेकांना जुळतायत का ते पाहा आणि नवे डिझाइन करा. जुळणाऱ्या टोकांच्या प्रायमरशी महिनोन्‌महिने झुंजण्यात अर्थ नाही. तेवढ्यात चार नव्या जोड्या तपासून होतात.

'आम्ही प्रोब वापरतो, आम्हाला डायमरची भीती नाही' असं मात्र समजू नका (प्रोब म्हणजे ठरलेल्या तुकड्यावरच बसून सिग्नल देणारा डीएनएचा धागा). फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं राज्यांच्या लॅबना पाठवलेल्या कोविड किटमध्ये नेमकं हेच लक्षण दिसलं होतं: टेम्पलेट नसलेल्या वेलमध्ये सिग्नल. पुढं त्यांच्याच तपासणीत दोन वेगळे दोष निघाले. एन१ या भागात कृत्रिम टेम्पलेटचं प्रदूषण होतं, आणि एन३ मध्ये प्रायमर आणि प्रोबच एकमेकांशी जुळत होते. लक्षण एक, आजार दोन, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही.

किती प्रती आहेत? वेल मोजा

शिखर खऱ्या प्रॉडक्टच्याच जागी असेल तर डीएनए खरोखर आत गेलाय. पुढचा प्रश्न, किती. इथं बहुतेकजण एनटीसीच्या दोन किंवा तीन वेल लावतात आणि तिथंच फसतात.

प्रदूषण थोडं असतं तेव्हा ते प्रत्येक वेलमध्ये सारखं वाटलं जात नाही. वेलमागे सरासरी एक प्रत असेल तर सुमारे ३७ टक्के वेलमध्ये एकही प्रत पडत नाही. म्हणजे तीन वेल लावल्या आणि तिन्ही रिकाम्या आल्या असं वीसात एकदा होणारच, आणि त्या दिवशी आपण 'पाणी बदललं, बरं झालं' म्हणून मोकळे होतो. माझा असा समज आहे की नवं मास्टरमिक्स आणल्यावर दिसणारी ती 'स्वच्छता' बऱ्याचदा नुसतं नशीब असतं.

म्हणून तपासाच्या दिवशी एनटीसीच्या किमान आठ, जमल्यास चोवीस वेल लावा. किती रिकाम्या राहिल्या त्यावरून आकडा काढता येतो: रिकाम्या वेलचं प्रमाण घ्या, त्याचा नैसर्गिक लॉग काढा, चिन्ह उलटं करा. २४ पैकी ९ रिकाम्या असतील तर उत्तर ०.९८, म्हणजे वेलमागे साधारण एक प्रत. आठच्या आठ रिकाम्या आल्या तरी वेलमागे ०.३७ प्रतीपर्यंतचं प्रदूषण नाकारता येत नाही. चोवीस रिकाम्या आल्या तर ती मर्यादा ०.१२ वर येते.

याचा दुसरा उपयोग असा की चित्राचा आकारच बरंच सांगतो. सगळ्या वेल वर, आणि सगळ्यांचा सीटी जवळजवळ सारखा, समजा ३१ च्या आसपास: प्रदूषण एखाद्या द्रवात विरघळलेलं आहे, म्हणजे पाणी, प्रायमर, प्रोब किंवा मास्टरमिक्स. काही वेल वर, काही रिकाम्या, सीटी ३५ ते ३८ मध्ये विखुरलेले: एक-दोन प्रतींचा खेळ. हा हवेतून, पिपेटमधून, हातमोज्यावरून आलेला असू शकतो, किंवा द्रवातच पण अगदी विरळ. आणि एकच वेल वर, तीही चांगली २८ वर: शिंतोडा. प्लेटचा नकाशा काढा. शेजारी सगळ्यात घट्ट स्टँडर्ड असतो. एनटीसीला स्टँडर्डच्या शेजारी बसवायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण ती मोडा.

कोणत्या जातीचा डीएनए आहे?

हा सगळ्यात उपयोगी प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. ३५एसच्या एनटीसीमध्ये तीन जातींचा डीएनए असू शकतो: कापसाचा स्वतःचा, एखाद्या प्लाझ्मिडचा (जिवाणूत वाढवलेल्या छोट्या गोल डीएनएचा), किंवा आधीच्या पीसीआरमध्ये तयार झालेलं प्रॉडक्ट, म्हणजे अँप्लिकॉन.

तिघांच्या ताकदीत फरक केवढा ते बघा. कापसाचा एक हॅप्लॉइड जीनोम (डीएनएचा एक पूर्ण संच) सुमारे अडीच पिकोग्रॅमचा. १०० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असा चांगला डीएनए काढला तरी एका मायक्रोलिटरमध्ये जीनोमच्या साधारण ४०,००० प्रती. तेवढ्याच मात्रेच्या, बारा हजार बेसच्या प्लाझ्मिडच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ७६० कोटी. आणि पीसीआर संपल्यावर २० मायक्रोलिटरच्या नळीत अँप्लिकॉनच्या लाख कोटी प्रती सहज असतात. मायक्रोलिटरला ५,००० कोटी. झाकण उघडताना त्या मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग जरी हवेत उडाला तरी ५०,००० प्रती खोलीत गेल्या. डोळ्याला काही दिसत नाही, हाताला ओल लागत नाही.

आता ओळख परेड. पहिली पायरी: तशाच एनटीसीच्या नव्या वेलमध्ये सॅड१ चे प्रायमर लावा. ३५एस आणि सॅड१ दोन्ही वर आले तर संशय कापसावर. फक्त ३५एस आला आणि सॅड१ च्या चोवीस वेल सपाट राहिल्या, तर कापूस सुटला. उरले प्लाझ्मिड आणि अँप्लिकॉन.

दुसरी पायरी: बाहेरची जोडी. नेहमीच्या प्रॉडक्टच्या दोन्ही बाजूंना थोडं सरकून नवे प्रायमर डिझाइन करा, म्हणजे जुनं प्रॉडक्ट त्यांच्या मधोमध बसेल. अँप्लिकॉन तुटक असतो. बाहेरच्या प्रायमरना बसायला त्याच्यावर जागाच नसते. प्लाझ्मिडवर आणि जीनोमवर असते. आतली जोडी वर आणि बाहेरची सपाट, म्हणजे अँप्लिकॉन. दोन्ही वर, म्हणजे अख्खा डीएनए. एक अट: बाहेरची जोडी थोड्या प्रतींनाही पकडते हे आधी तपासून घ्या. कापसाचा डीएनए वेलमागे पाच-दहा प्रतींपर्यंत पातळ करून लावा. त्यात ती आंधळी निघाली तर तिच्या सपाट रेघेला किंमत नाही. सॅड१ साठीही अशी एक जोडी करून ठेवा, कारण ३५एस आणि सॅड१ या दोघांचे अँप्लिकॉन एकदम उडालेले असतील तर पहिल्या पायरीत दोष उगाच कापसावर जातो.

तिसरी पायरी फक्त प्लाझ्मिडचा संशय असेल तर. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका लॅबचे डबे घाईघाईनं वरच्या फ्रीझरमध्ये आले. लाइट गेलेली, बर्फ वितळलेला, डब्यांवरची नावं ओघळलेली. जे वाचलं ते वाचवायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या डब्यांत वनस्पतींमध्ये जनुक घालायची प्लाझ्मिडं होती, पी-कॅम्बियाच्या कुळातली, आणि त्यांत ३५एस प्रमोटर असतोच. पुढं आमचा ३५एसचा एनटीसी वर येऊ लागला. सॅड१ स्वच्छ, बाहेरची जोडी वर. तेव्हा एक प्रायमर ३५एसमध्ये आणि दुसरा त्या प्लाझ्मिडमधल्या हायग्रोमायसिन-रोधक जनुकात अशी जोडी लावली. हा सांधा कापसात नाही. तो एनटीसीमध्ये मिळाला आणि प्रश्न मिटला: आमचे प्रायमरचे डबे त्या डब्यांना टेकून ठेवलेले होते, आणि झाकणं उघडणारे हातमोजे दोन्हीकडे फिरत होते.

ही जोडी निवडताना जरा जपून. जीयूएस या खुणेसाठी वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा सांधा घ्यायचा मोह होतो, कारण बऱ्याच प्लाझ्मिडांत ते असतं. पण बोलगार्ड-२ या बीटी कापसातही जीयूएस आहे, तेव्हा त्यातून काही सिद्ध होत नाही. अँपिसिलिन-रोधक जनुकही नको. टॅक हे पीसीआरचं एन्झाइम जिवाणूत प्लाझ्मिडवरून बनवतात आणि त्याचे अंश कधीकधी एन्झाइमबरोबर येतात. त्याच कारणानं १६एस या सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाचे सार्वत्रिक प्रायमर लावणाऱ्यांचा एनटीसी जवळजवळ कधीच पूर्ण स्वच्छ नसतो: एन्झाइमबरोबर ई. कोलायचा डीएनए येतो. तिथं दोष तुमच्या टेबलाचा नाही. डीएनए-मुक्त म्हणून विकलं जाणारं एन्झाइम घ्या, आणि सायकली कमी ठेवा.

तो आत कसा शिरला?

जात कळली की जागा शोधणं सोपं जातं.

कापूस असेल तर बी दळायची जागा बघा. कोरडी सरकी खलात कुटली की धूळ उडते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पंखा बंद ठेवा म्हटलं तर कुणी ऐकत नाही. सरकीच्या धुळीच्या एका कणात पेशी असतात, नुसता डीएनए नव्हे. त्यामुळे तो चिवट निघतो. दळण वेगळ्या खोलीत, शक्यतो बंद डब्याच्या ग्राइंडरमध्ये किंवा द्रव नायट्रोजनखाली करा. ज्या एप्रनमध्ये दळलं त्याच एप्रनमध्ये मास्टरमिक्स करायचं नाही. आमच्याकडे मदतनीस काकांनीच यावर उपाय काढला: दळायच्या खोलीचे एप्रन निळे, मिक्सचे पांढरे. पांढऱ्यांच्या खोलीत निळा दिसला की काका स्वतःच हटकतात, मग समोर प्राध्यापक असोत की पीएचडीवाले.

अँप्लिकॉन असेल तर एकच प्रश्न विचारा: रन संपल्यावर प्लेट कोण उघडतं, आणि कुठं? जवळजवळ नेहमीच कुणीतरी 'जेलवर एकदा बघू या' म्हणून उघडलेली असते. मला याचं खरंच नवल वाटतं. रसेल हिगुची यांनी शर्ली क्वॉक यांच्यासोबत १९८९ मध्ये 'नेचर'मध्ये पीसीआरच्या खोट्या पॉझिटिव्हविषयी लिहिलं, आणि त्याच हिगुचींनी १९९२-९३ मध्ये बंद नळीत डीएनए वाढताना पाहायची रीत दाखवली, जिच्यातून आजचं क्यूपीसीआर आलं. नळी उघडावी न लागणं हा या पद्धतीचा अर्धा फायदा आहे. मेल्ट कर्व्हनं जे कळतं त्यासाठी जेल नको. प्रॉडक्ट सीक्वेन्सिंगला पाठवायचं असेल तर उघडावंच लागेल. मग ते दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पिपेटनं, आणि त्या दिवशी परत मिक्सच्या खोलीत न येता. वापरलेल्या प्लेट दुहेरी पिशवीत बंद करून टाका. ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका: वाफेनं झाकणं निघतात, आणि १२१ अंशाला पंधरा मिनिटं ठेवूनही शंभर बेसचे तुकडे पीसीआरला पुरतील इतके शाबूत राहू शकतात.

इथं युएनजीची गोष्ट करायला हवी, कारण 'आम्ही युएनजीवालं मिक्स वापरतो, आमच्याकडे होऊच शकत नाही' हे फार ऐकू येतं. युएनजीची युक्ती अशी: पीसीआरमध्ये थायमिनच्या जागी युरेसिल असलेलं डीयूटीपी द्यायचं, म्हणजे तयार होणाऱ्या प्रत्येक अँप्लिकॉनवर युरेसिलची खूण राहते. पुढच्या रनच्या सुरुवातीला ५० अंशाला दोन मिनिटं हे एन्झाइम खूण असलेला डीएनए खराब करतं, मग ९५ अंशाला ते स्वतः थंडावतं. छान आहे. पण प्लाझ्मिड आणि कापूस दोघांत थायमिन असतं. त्यांना ते हातही लावत नाही. आणि शेजारच्या प्रॅक्टिकलमध्ये मुलांनी साध्या डीएनटीपीवर (थायमिनवाल्या मिश्रणावर) केलेलं ३५एसचं प्रॉडक्टही तसंच सुटतं. म्हणजे युएनजी असताना एनटीसी वर येत असेल तर ती एक खबर आहे: स्वतःची जुनी प्लेट सोडा आणि प्लाझ्मिड, धूळ, नाहीतर एमएस्सीचं प्रॅक्टिकल यांच्यामागे लागा. सगळ्या विभागात प्रॅक्टिकललाही डीयूटीपीचं मिश्रण द्या. भांडणं कमी होतात.

जागा पकडायची प्लेट

जात कळली तरी कोणत्या नळीत किंवा कोणत्या टेबलावर, ते राहतंच. त्यासाठी एक प्लेट चार भागांत लावा, प्रत्येक भागात किमान आठ वेल. पहिल्या भागात मिक्स आणि पाणी दोन्ही स्वच्छ खोलीत घाला आणि तिथंच झाकण लावा. दुसऱ्यात मिक्स स्वच्छ खोलीत, पाणी मात्र नमुने घालायच्या टेबलावर, नेहमीच्या पिपेटनं. तिसऱ्या भागातल्या वेलमध्ये स्वच्छ खोलीतच पाणी घाला, पण फिल्म न लावता तो भाग नमुन्याच्या टेबलावर तेवढाच वेळ उघडा राहू द्या. पिपेट लावू नका. चौथा भाग पूर्ण उसन्या सामानाचा: दुसऱ्या इमारतीतल्या मित्राचं पाणी, टिप आणि पिपेट, मिक्स व प्रायमर मात्र तुमचेच.

पहिला भागच वर आला तर दोष द्रवात किंवा स्वच्छ म्हणवणाऱ्या खोलीत. चौथाही वर आला तर मिक्स किंवा प्रायमर; चौथा स्वच्छ निघाला तर पाणी, टिप, पिपेट. पहिला स्वच्छ आणि दुसरा वर, तर नमुन्याच्या टेबलावरचं पिपेट किंवा पाणी. तिसराही वर आला तर हवा. एसीचा झोत नेमका प्लेटवर येतो का बघा. द्रवावर बोट ठेवायचं असेल तर पुढच्या प्लेटमध्ये एका वेळी एकच घटक बदला. दोन बदललेत तर पुन्हा अंधार.

साफसफाई

स्पिरिट फवारून डीएनए जात नाही. ७० टक्के अल्कोहोल जंतू मारतं. डीएनए तिथंच चिकटून राहतो. यूव्ही दिवा ओल्या, मोठ्या डीएनएवर चांगला चालतो, पण कोरड्या पृष्ठभागावरच्या शंभर बेसच्या तुकड्यावर त्याचा भरवसा धरू नका. डीएनए मोडतं ते हायपोक्लोराइट. चार-पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. फासा, दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवा, मग शुद्ध पाण्यानं पुसा, नाहीतर स्टील गंजतं आणि उरलेलं ब्लीच पीसीआरच बंद पाडतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेलं हायपोक्लोराइट लवकर निकामी होतं. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवा आणि पातळ केलेलं रोज नवं करा. डीएनए शुद्ध करायच्या कॉलमच्या किटमधल्या ग्वानिडीनच्या बफरवर ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू निघतो. ही एक गोष्ट नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगायची असते.

पिपेट बाहेरून पुसून भागत नाही, नळीचा भाग उघडून साफ करावा लागतो. फिल्टर टिप वापरा. प्रायमर आणि पाणी लहान भागांत वाटून ठेवा, म्हणजे बिघडलंच तर एक भाग जाईल. प्लाझ्मिडचे स्टँडर्ड वेगळ्या फ्रीझरमध्ये, आणि रनच्या दिवशी सगळ्यात शेवटी उघडायचे. खोल्या दोनच असतील तर माणसांनी एकाच दिशेनं जायचं: मिक्स, मग नमुने, मग मशीन. उलट यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, अंघोळ करून.

झालेल्या रनचं काय?

सरसकट फेकू नका, आणि एनटीसीचा आकडा नमुन्यातून वजाही करू नका. एक-दोन प्रतींच्या प्रदेशात वजाबाकीला अर्थ नसतो. अंतर बघा. पीसीआरची कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या जवळ असेल तर प्रत्येक सायकलला दुप्पट. नमुना २५ वर आणि एनटीसी ३५ वर, तर फरक १,०२४ पट. प्रदूषणाचा वाटा हजारात एक, तो निकाल उभा राहतो. पाच सायकलींचा फरक असेल तर ३२ पट, म्हणजे सुमारे तीन टक्के; बीटी आहे की नाही यासाठी चालेल, टक्का सांगायला नाही. दोन सायकलींचा फरक म्हणजे चौथाई सिग्नल उसना असू शकतो. अशा नमुन्याचा डीएनए पुन्हा काढा आणि काढतानाही एक रिकामी नळी सगळ्या पायऱ्यांतून न्या, कारण एनटीसी फक्त पीसीआरची साक्ष देतो, डीएनए काढतानाच्या गोंधळाची नाही.

मशीनशेजारी एक वही ठेवा: तारीख, प्रायमरचा कोणता भाग, मिक्स कुणी केलं, त्या दिवशी प्लेट कुणी उघडली का. एनटीसीच्या रकान्यात नुसता सरासरी सीटी लिहू नका, किती पैकी किती वेल वर आल्या ते लिहा. सरासरीत रिकाम्या वेल धरल्याच जात नाहीत, आणि प्रदूषण वाढतंय की कमी होतंय हे त्यांच्याच संख्येवरून आधी कळतं.